बफरमधल्या गावात काम करायला येताय? माझा अनुभव सांगते

वन्यजीव क्षेत्रात यायचंय, काय शिकू, कुठे अर्ज करू, असं मला बरेच जण विचारतात आणि त्यातल्या बहुतेकांना वाघावर काम करायचं असतं. मी पण तशीच आले होते. पुण्यात एमएस्सी झूऑलॉजी केलं आणि पहिली नोकरी लागली ती ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, एका छोट्या संस्थेत फील्ड असिस्टंट म्हणून. आता पाच वर्षं झाली. यातले वाघ बघण्यात गेलेले तास मोजायला बसले तर फार निघणार नाहीत, बाकी सगळा वेळ गेला लोकांच्या अंगणात, ग्रामसभेत नाहीतर वनविभागाच्या रेंज ऑफिसच्या बाकावर.

नवीन असाल तर आधी जागा नीट समजून घ्या. १९५५ ला ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ ला अंधारी अभयारण्य, आणि १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. कोअर, म्हणजे आतला गाभा, साधारण ६२५ चौरस किलोमीटर आणि त्याच्याभोवती बफर ११०० च्या वर. म्हणजे बफर कोअरपेक्षा मोठं आहे आणि त्यात भरपूर गावं आहेत, धानाची शेती आहे, गुरं आहेत, शाळा आहेत, आणि वाघही आहेत. ताडोबा हे नावच मुळात तारू नावाच्या गोंड गावप्रमुखावरून पडलं असं इथे सांगतात, तो वाघाशी झुंजताना गेला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे लोक जातात. वाघासोबत कसं राहायचं हे इथल्या माणसांना आपण शिकवावं असं काही नाही, उलट बरंच काही त्यांच्याकडूनच शिकायचंय.

माझी पहिली चूक सांगते कारण ती दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. मार्च संपत आला होता आणि मी बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन गावात गेले, तर घरंच्या घरं बंद. सगळे मोह वेचायला गेलेले. एक आजी भेटली, ती म्हणाली, "बाई, मोह सरू दे, मंग ये." मला वाटलं टाळतेय. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्यासोबत गेले तेव्हा कळलं. मोहाची फुलं रात्री-पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, घरातली बायापोरं वाकून वाकून टोपल्या भरतात आणि वाळवून विकलेल्या फुलांचा पैसा बियाणाला, शाळेच्या फीला लागतो. आणि हीच वेळ सगळ्यात धोक्याची, कारण अंधुक उजेडात खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसू शकतो. त्यात झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, फुलं दिसावीत म्हणून, आणि तीच आग कधीकधी जंगलात पसरते. मग नुसतं "आग लावू नका, जंगलात जाऊ नका" असा बोर्ड लावून काय होणार? आम्ही नंतर काही घरांसोबत झाडाखाली जाळी आणि जुन्या साड्या अंथरून बघितल्या, गटाने आणि थोडं उजाडल्यावर जायचं ठरवलं. सगळ्यांनी ऐकलं नाही. पण ज्यांनी केलं त्यांनी वेचायला कमी वेळ लागतो म्हणून केलं, माझ्या भाषणामुळे नाही, हे लक्षात ठेवा.

मोहानंतर मे महिन्यात तेंदूपत्ता येतो, मग पाऊस, रोवणी म्हणजे धानाची लावणी, मग धान उभं राहिलं की रात्रीची जागल. गावाचं हे कॅलेंडर पाठ झाल्याशिवाय कुठलीही मीटिंग ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विश्वास कधी बसतो? माझ्यावर बसला तो एका गाईमुळे. सकाळी साडेसहाला एका काकूंचा फोन, बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर वाघाने गाय मारली. मी गेले तेव्हा त्यांनी गाईवर पळसाच्या फांद्या टाकून ठेवल्या होत्या आणि काका ती ओढून न्यायच्या बेतात होते. नुकसानभरपाई हवी असेल तर मेलेलं जनावर पंचनाम्याआधी हलवायचं नाही, आणि अठ्ठेचाळीस तासांत वनविभागाला कळवायचं, एवढं मला माहीत होतं म्हणून थांबवलं. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो काढला, बीट गार्डला म्हणजे वनरक्षकाला फोन लावला, तो अकराला आला, त्याने पायाचे ठसे मोजले, पंचांच्या सह्या झाल्या. आणि मग घोळ झाला की आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं! पुढचे दोन आठवडे मी आणि काकू बँकेत खेटे घालत होतो. पैसे जमा व्हायला अडीच महिने लागले. ते झाल्यावर एक दिवस काकूंनी अंगणात बसवून, काडीने मातीत रेघा काढत मला दाखवलं की पिल्लांवाली वाघीण कुठल्या नाल्याने येते, गुरं कुठे चारायची बंद केलीत आणि का. बेचाळीस प्रश्नांत हे कुठेच नव्हतं.

उलटंही घडलंय. एका गावात मी उत्साहात बोलून गेले की या हंगामात सौर कुंपण येईल. सरकारच्या जनवन विकास योजनेत तशी सोय आहे पण आमच्या गावाचा नंबर लागला नाही, रानडुकरांनी धान खाल्लं आणि ग्रामसभेत लोकांनी मलाच उभं केलं. त्यांचं बरोबर होतं. आता मी "होईल" हा शब्द वापरत नाही, "अर्ज कुठे द्यायचा ते सोबत जाऊन बघू" एवढंच म्हणते.

शिक्षणाचं म्हणाल तर डेहराडूनचं भारतीय वन्यजीव संस्थान आहे, भोपाळचं आयआयएफएम म्हणजे भारतीय वन व्यवस्थापन संस्थान आहे, समाजकार्य शिकलेली मुलंही इथे खूप चांगलं काम करतात. डिग्री कुठलीही असो, दोन कायदे स्वतः वाचून या, कुणीतरी सांगितलेलं नको. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये व्याघ्र प्रकल्पांबद्दल झालेली दुरुस्ती, आणि त्याच वर्षीचा वनहक्क कायदा. कोअरमधून गाव हलवायचं तर लोकांची स्वेच्छा आणि ग्रामसभेची संमती लागते, हे कायद्यात लिहिलंय. सामूहिक वनहक्काने, म्हणजे जंगलावर गावाला मिळालेल्या हक्काने, काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर गडचिरोलीतलं मेंढा लेखा आणि आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव, या दोन गावांत जाऊन या, बांबूचा व्यवहार ग्रामसभा स्वतः सांभाळते म्हणजे काय ते कळेल. मला स्वतःला वाटतं की गाईड आणि सफारीच्या जिप्सीच्या रोजगाराचं जितकं कौतुक होतं त्याच्या निम्मंही या हक्कांचं होत नाही. पर्यटनाचा पैसा गेटजवळच्या गावात येतो आणि ते चांगलंच आहे, मोहर्लीला बायका गाईड म्हणून काम करतात ते बघून मला फार आनंद होतो, पण गेटपासून लांब असलेल्या गावाला वाघ तेवढाच मिळतो आणि पैसा मिळत नाही.

आणि भाषा. झाडीबोली, म्हणजे इकडची मराठी, कानाला सवयीची होईपर्यंत गप्प बसून ऐका, गोंडी थोडी तरी शिका.

यायचंच असेल तर जानेवारीत या. धानाची मळणी आटोपलेली असते, लोक शेकोटीपाशी निवांत बोलतात. फॉर्म बॅगेतच राहू द्या.