हळद काढणी सल्ला: झाकता येईल तेवढीच शिजवा

फेब्रुवारी सरता सरता मराठवाड्यातल्या वसमत, कळमनुरी, औंढा, अर्धापूर, पूर्णा या पट्ट्यात हळद वाफेवर शिजवायचे कुकर पेटतात आणि नेमकं त्याच सुमाराला आभाळ यायला लागतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरलेलं नाही. २०२३ चा मार्चही अर्ध्यावर येताच अवकाळीने झोडपला. जमिनीतल्या हळदीला अशा पावसाचा फारसा धोका नसतो. शिजवून रानात पसरलेली हळद मात्र हमखास हातची जाते. नऊ महिने रान, पाणी, खत, मजुरी सगळं सांभाळलं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत माल काळा पडला, असं दर दोन-तीन वर्षांनी बघावं लागतं. दोष पावसाला दिला जातो. पण झाकायची सोय नसताना सगळं रान एका दमात शिजवून टाकलं, हे खरं कारण असतं.

असं का होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. कुकर भाड्याचा असतो आणि त्याला गावात नंबर लागलेले असतात. "आज आलोय तर सगळंच उरकून टाका, पुन्हा येणं होणार नाही," असं कुकरवाला म्हणतो. मजुरांची टोळीही हातात असते. मग दोन दिवसांत दोन-तीन एकरांचा माल शिजतो, काळ्या मातीवर पसरला जातो आणि घरात ताडपत्री असते एक, तीही उंदरांनी कुरतडलेली.

आधी हे डोक्यात घ्या. शिजवल्यावर हळदीचा जीव जातो, कोंब फुटायचा डोळा मरतो, आतल्या पिठूळ भागाची खळ होते, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि कच्चा वास जातो. शिजवल्यामुळेच ती लवकर वाळते. पण तिचा स्वतःचा बचावही तिथेच संपतो. कच्चा गड्डा महिनाभर मातीत राहिला तरी जिवंत असतो. शिजलेलं हळकुंड पाऊस लागला की पाणी परत ओढून घेतं. वरून बुरशी येते, गाभा काळवंडतो, आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी मोडल्यावर आत तो नारिंगी-पिवळा रंग दिसत नाही. हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात व्यापारी काय करतो? मूठभर कांडी उचलतो, एक मोडतो, आवाज ऐकतो, आत बघतो. त्या एका मोडीवर भाव ठरतो.

म्हणून हिशेब उलटा धरायचा. आधी ताडपत्र्या मोजा, मग शिजवायचं किती ते ठरवा, मग तेवढंच खणा. खणलेली हळद ३ ते ४ दिवसांत शिजवावी अशी शिफारस आहे, म्हणजे खणून ढीग लावून ठेवणं हाही उपाय नाही. उरलेली हळद जमिनीतच राहू द्या. आभाळाच्या दिवसांत तिला जमिनीएवढं चांगलं गोदाम नाही. पाऊस पडलाच तर वाफसा येईपर्यंत थांबायचं, चिखलात खणायचं नाही.

वाळवताना थर ५ ते ७ सेंटिमीटर ठेवतात. यापेक्षा पातळ पसरली तर रंग उडतो, जाड पसरली तर खालची घामेजते. या थराने एक क्विंटल ओल्या हळदीला अंदाजे ३ चौरस मीटर जागा लागते. ३० बाय ४० फुटी ताडपत्रीवर ३५ ते ४० क्विंटल बसते. हे झालं पसरण्याचं गणित. माझं मोजमाप मात्र वेगळं आहे: घरातल्या माणसांना अर्ध्या तासात गोळा करून झाकता येईल तेवढाच माल एका वेळी उघड्यावर असावा. वारं पडून आभाळ भरून आलं की मार्चमध्ये यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही. रात्री मजूर घरी गेल्यावर चारच माणसं असतात, हेही धरा.

झाकण्याची रीत:
- जागा उंचवट्याची, चारही बाजूंनी चर काढलेला. सिमेंटचं खळं असेल तर उत्तम, नसेल तर खाली ताडपत्री. काळ्या मातीवर थेट टाकू नका.
- आभाळ आलं की मधे लांबट ढीग ओढा, वरून ताडपत्री, कडांना दगड किंवा मातीची पोती.
- कडा चराच्या बाहेर पडू द्या. पाणी वरून कमी आणि खालून जास्त घुसतं.
- पाऊस थांबला, ऊन आलं की लगेच उघडा. ओली-गरम हळद प्लास्टिकखाली दिवसभर राहिली तर पावसाइतकंच नुकसान होतं.
- रोज संध्याकाळी ढीग लावून झाका, दव पडू देऊ नका.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान सल्ला निघतो. काढणी सुरू असेपर्यंत तो वाचल्याशिवाय कुकरवाल्याला तारीख देऊ नका. मोबाईलवर हवामानासाठी 'मेघदूत' आणि विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ही ॲप ठेवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र खळ्यावर थांबू नका आणि झाडाखालीही नको. माल गेला तर जाऊ द्या. एरवी मी असं लिहीत नाही, पण विजेपुढे हळदीची किंमत नाही.

वाळायला १० ते १५ दिवस लागतात. हे दिवस कमी करणं बरंचसं तुमच्या हातात आहे आणि त्याची सुरुवात रानातच होते. पुरत्या न पिकलेल्या कंदात पाणी जास्त, तो सावकाश वाळतो, सुरकुततो, वजनात मार खातो आणि आभाळाखाली चार दिवस जास्त पडून राहतो. सेलम जात साधारण साडेआठ ते नऊ महिने घेते. भाव वर गेल्याची बातमी ऐकून पाला हिरवा असतानाच खणायला लागू नका. प्रगतीसारखी लवकर येणारी जात सहा महिन्यांत तयार होते. थोडं रान तिच्याखाली ठेवलं तर सगळा भार मार्चवर येत नाही. पण दोन्ही जातींचा माल शिजवताना एकत्र करू नका. आणखी एक, हे कुठल्या पुस्तकात नाही, नुसत्या बघण्यातलं आहे: पाणी तोडायला उशीर झालेल्या रानातली हळद शिजते लवकर, पण वाळते सगळ्यात शेवटी.

काढणीची आणि पुढच्या बेण्याची कामं:
- पाला ८० ते ९० टक्के पिवळा पडून वाळल्यावर काढणी.
- काढणीच्या १५ दिवस ते महिनाभर आधी पाणी बंद, जमीन बघून.
- पाला जमिनीलगत कापून बाहेर काढणे.
- बेण्यासाठी निरोगी, कंदकूज नसलेले गड्डे वेगळे, सावलीत, हळदीच्या पाल्याने झाकून.
- लागवडीआधी बेणेप्रक्रिया: क्विनॉलफॉस २५ टक्के २० मिली + कार्बेन्डाझिम ५० टक्के १० ग्रॅम, १० लिटर पाण्यात, १५ ते २० मिनिटं. हातमोजे घालून, आणि त्या हंगामाचा विद्यापीठाचा सल्ला बघून.

शिजवताना गट्टू (मधला जाड गड्डा) आणि कांडी (त्याला फुटलेली हळकुंडं) वेगवेगळी शिजवा. एकत्र टाकली तर कांडी जास्त शिजून रंग मरतो, गट्टू आत कच्चा राहतो आणि साठवणीत आधी त्यालाच कीड लागते. उघड्या काहिलीत ४५ ते ६० मिनिटं लागतात. फेस आणि हळदीच्या वासाची पांढरी वाफ आली की काडी टोचून बघा, सहज आरपार गेली की झालं. वाफेच्या कुकरला वेळ कमी लागतो, पण तोही काडी टोचूनच ठरवा. कुकरवाल्याला पुढच्या घराची घाई असते.

दुकानातून या दिवसांत तीन गोष्टी गळ्यात मारल्या जातात. काढणीच्या तोंडावर सोडायचं कंद फुगवणीचं महागडं औषध, शिजवताना टाकायची रंग उठवणारी पावडर आणि पॉलिशच्या वेळचा पिवळा रंग. पाला वाळलेला असताना कंद फुगत नसतो. शिजवायला स्वच्छ पाणी पुरतं. पिवळ्या रंगाच्या नावाखाली शिशाचं क्रोमेट विकलं गेल्याची प्रकरणं झालेली आहेत. ते विष आहे, हळदीत घालायला कायद्याने बंदी आहे, आणि असा माल तपासणीत सापडला तर सबंध भागाच्या हळदीचं नाव जातं. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते टिकवायचं आहे. या तिन्हींचे पैसे वाचवून दोन जाड ताडपत्र्या घ्या. खरंच घ्या, आणि कुकर ठरवण्याआधी घ्या.

एवढं करूनही माल भिजलाच तर पुन्हा शिजवू नका. आधी निथळू द्या, मग कोरड्या जागी एक दिवस नेहमीपेक्षा पातळ पसरा, दिवसातून चार-पाच वेळा परता. वरचं पाणी उडालं की थर परत नेहमीसारखा करा. बुरशी आलेली कांडी वेचून टाका, पॉलिशच्या ढोलात घालून लपवू नका. बुरशीचं विष घासून जात नाही. भिजलेला ढीग शेवटपर्यंत वेगळा ठेवा, वेगळ्या पोत्यात भरा, वेगळा विका. चांगल्या मालात मिसळला तर व्यापारी दोन्हींना पडकाच भाव लावतो.

ओलावा ८ ते १० टक्क्यांवर आला, कांडी कट्ट आवाज करून मोडायला लागली की पॉलिश करून कोरड्या नव्या पोत्यांत, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा. भाव पडलेला असेल आणि पैशाची निकड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा.

आणि कुकरवाल्याशी बोलताना भाड्याबरोबर हेही आत्ताच ठरवून घ्या: माल दोन टप्प्यांत शिजवायचा, मधे आठ-दहा दिवसांचं अंतर. दुसऱ्या फेरीचे थोडे जास्त पैसे मागेल. ते द्या.