मालवाहू विमान पडल्याची बातमी कशी वाचावी

जगात कुठंही मालवाहू विमान पडलं की माझा भाचा मला व्हिडिओ पाठवतो. खाली एकच ओळ: "मामा, माल मांगं सरकला असन न?" मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर बावीस वर्षं लोडशीट, म्हणजे विमानात कुठं किती वजन आहे याचा कागद, बनवली, म्हणून त्याला वाटतं की मला मोबाईलवर बघूनच कळतं. नाही कळत. पण अशी बातमी वाचायची एक सवय लागली आहे, ती लिहून ठेवतो. दर वेळी नव्यानं टाइप कोण करणार?

आधी कागदावर एवढंच लिहा, की विमान तेव्हा काय करत होतं. सुटत होतं, चढत होतं, मधल्या वाटेवर होतं की उतरत होतं? उतरताना पडलं असेल तर मालाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. हवामान, रात्र, उंची, वैमानिकांची थकावट हे आधी बघा. सुटल्या सुटल्या नाक वर करून पडलं असेल, तर मालाकडे या.

मालात वजन किती यापेक्षा वजन कुठं, हे मोठं. ते समजायला बंडी पुरते. आजोळी काटोलकडे संत्र्याच्या पेट्या बंडीत मागं जास्त रचल्या की बंडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरून उचललं जायचं. पुढं जास्त झाल्या तर धुरजड, बैल मान टाकायचे. विमानाचंही तसंच. लोडशीटवर आम्ही तोलाचा बिंदू पुढच्या-मागच्या मर्यादेत बसतो का ते काढायचो आणि त्यावरून शेपटीचा ट्रिम, म्हणजे तोल साधायला शेपटीच्या आडव्या पंखाला द्यायचा कल, किती लावायचा तो आकडा वैमानिकाला द्यायचो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मायामीत एक डीसी-८ जातीचं मालवाहू विमान सुटताच नाक वर करून कोसळलं. माल ठरल्याप्रमाणे भरला नव्हता आणि ट्रिम लावला होता वेगळ्याच तोलासाठी. विमानातले चार गेले, जमिनीवरचा एक.

माझ्याही हातून एकदा झालं. पुढच्या होल्डच्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या मालाच्या कप्प्याच्या, पेट्या मागच्या होल्डात गेल्या आणि माझ्या कागदावर त्या पुढंच होत्या. शिड्या निघता निघता लोडरची चिठ्ठी आणि माझा रकाना जुळेना, म्हणून विमान थांबवलं. कॅप्टन काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

आता भाच्याचा लाडका व्हिडिओ घेऊ. २९ एप्रिल २०१३, अफगाणिस्तानातलं बग्राम. दुबईला निघालेलं बोइंग ७४७-४००, पोटात पाच चिलखती लष्करी गाड्या, त्यातल्या तीन तर प्रत्येकी पंधरा टनांच्या वर. विमान उभं चढतं, क्षणभर हवेत थबकतं आणि खाली येतं. सातही जण गेले. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, माल मागं गेला, विमान उलाळ झालं. अर्धं बरोबर आहे. अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे तिथल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेनं, तपास केला तेव्हा गोष्ट वेगळीच निघाली. निदान एक गाडी सुटून शेपटीकडच्या भिंतीत घुसली. तिथं तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दोन हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या आणि आडवा शेपटी-पंख हलवणारा जाडजूड स्क्रू मोडला. वैमानिकाच्या हातात नाक खाली दाबायला काही उरलंच नाही.

हे कळलं कसं, तर धावपट्टीवरून. विमान पडलं त्या जागेच्या आधीच, धावपट्टीवर, शेपटीकडच्या भागाचे तुकडे सापडले होते. म्हणून बातमी वाचताना हा प्रश्न विचाराच: पडण्याआधी वाटेत काय गळालं? ॲमस्टरडॅमला १९९२ मध्ये मालवाहू ७४७ इमारतींवर पडलं, तिथंही उजव्या पंखाची दोन्ही इंजिनं आधीच गळाली होती. दोष निघाला इंजिन धरून ठेवणाऱ्या पिनांत.

बग्रामला गाडी सुटली ती बांधायच्या पट्ट्यांमुळे. पट्ट्यावर जेवढं वजन लिहिलेलं असतं, तेवढं तो सरळ ओढीत पेलतो. गाडी मागं जाऊ नये म्हणून बांधलेला पट्टा जमिनीशी साठ अंशांत उभा असेल, तर त्या दिशेनं तो निम्माच कामाचा. नागपूरजवळच्या वाडीला ट्रेलरवर जेसीबी बांधणाऱ्या पोरांना हे गणित न करता कळतं; साखळी लांबून, आडवी घेतात. तिथं मात्र पट्टे मोजले, कोन धरले नाहीत. आदल्या टप्प्यात एक पट्टा तुटल्याचं आणि गाड्या थोड्या हलल्याचं विमानातल्या लोकांच्या बोलण्यात रेकॉर्ड झालं आहे. ते वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला.

"म्हणजे माल सरकलाच न मामा?"

थांब बे. आता १६ फेब्रुवारी २००० चं घे. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ एमरी कंपनीचं डीसी-८ सुटलं आणि वैमानिकांनीच रेडिओवर तोल बिघडल्याचं कळवलं. परत वळता वळता ते वाहनांच्या भंगारखान्यावर कोसळलं, तिघेही गेले. तपासात माल निर्दोष निघाला. शेपटीवरच्या उजव्या एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या फळीच्या, टॅबची (तिच्या कडेच्या छोट्या पट्टीची) दांडी बोल्टअभावी निसटली होती. आत बसलेल्या माणसालाही फक्त लक्षण जाणवतं, रोग नाही. म्हणून शेवटचे शब्द म्हणून जे काही फिरतं, त्यावर निकाल देऊ नका.

मधल्या वाटेवर धूर आला असं वाचलंत तर यादीत लिथियम बॅटऱ्या होत्या का ते बघा. २०१० साली दुबईत यूपीएसचं ७४७ त्याच आगीत गेलं. काही मिनिटांत कॉकपिटमध्ये समोरची घड्याळं दिसेनाशी झाली.

बाकी कॅलेंडरवर खूण करायची. आंतरराष्ट्रीय नियमानं प्राथमिक अहवाल साधारण तीस दिवसांत यायला हवा. त्यात कारण नसतं, फक्त काय काय सापडलं ते असतं. अंतिम अहवालाला वर्षभर धरतात, पण बग्रामचा यायला जुलै २०१५ उजाडला. तो आला की आधी शेवटाकडचे निष्कर्ष आणि शिफारशी वाचा.

त्या शिफारशींतली एक मी दोनदा वाचली. विमान चालवणाऱ्याला परवाना लागतो, बोल्ट आवळणाऱ्याला लागतो. असा अवघड माल रचून बांधणाऱ्याला मात्र तिकडे कसलंच प्रमाणपत्र लागत नव्हतं, ते सुरू करा, असं एनटीएसबीनं लिहिलं आहे. मी त्या पानाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा लगेच उलटा प्रश्न: "मामा, तुमच्याकडे होतं का?"

लोडशीटचं होतं. पट्टे बांधायचो ते बघून बघून शिकलेलं.