ओहोटीला खाडीवर खेकड्यांचं वागणं कसं बघायचं

आधी ओहोटीची वेळ बघून ठेवा, मग आंजर्ल्याला असा नाहीतर देवगडला, पाणी उतरलं की खाडीकाठच्या कांदळवनाच्या कडेला चिखलावर एक डेंगा भलामोठा असलेले छोटे खेकडे शोधा आणि लांबच बसा. हललात की सगळे बिळात, पण थोड्या वेळाने परत बाहेर येतात.

मोठा डेंगा फक्त नराला, माद्या दोन्ही छोट्या डेंग्यांनी चिखलातलं वेचून खातात. आता प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न विचारा: हे वागणं आत्ता कशाने सुरू झालं, वाढताना कसं येतं, फायदा काय, आणि पूर्वजांपासून कसं बदलत आलं. मादी जवळ आल्यावर नर डेंगा किती वेळा हलवतो, दुसरा नर आल्यावर काय करतो, दोन्ही वेगवेगळं लिहा, माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकाच डेंग्याने मादीला बोलावणं आणि नराला धमकावणं दोन्ही चालतं. तुटला तर नवा येतो, काही जातींत तो कमजोर असतो तरी समोरच्याला नुसतं बघून कळत नाही!

चौथ्या प्रश्नाला मात्र जवळच्या जातींची तुलनाच लागते, म्हणून लगेच माणसाशी जोडू नका प्लीज. आणि बिळं तुडवू नका.