सरपण न जाळता पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याची रीत

पाड्यावर किंवा ऊसतोड मजुरांच्या कोपीवर पाणी उकळण्याइतके सरपण रोज मिळतेच असे नाही, आणि मग विहिरीचे पाणी तसेच प्यायले जाते. अशा ठिकाणी पारदर्शक प्लॅस्टिकची रिकामी बाटली आणि कडक ऊन एवढ्यावर काम भागते.

१. दोन लिटरपर्यंतची, बिनरंगी आणि ओरखडे नसलेली बाटली घेऊन तिचे लेबल काढावे व ती स्वच्छ धुवावी.

२. पाणी दाट सुती कापडातून गाळून भरावे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवून वरून, तोंडातून खाली पाहावे. अक्षरे वाचता आली नाहीत, तर त्या गढूळ पाण्यात उन्हातील अतिनील किरण पुरेसे खोल पोहोचणार नाहीत, म्हणून ते आधी निवळू द्यावे आणि पुन्हा तपासावे. ही तपासणी कधीही टाळू नये, कारण सारे यश तिच्यावरच अवलंबून आहे.

३. झाकण लावून बाटली पत्र्यावर आडवी ठेवावी. स्वच्छ उन्हात सकाळी ९ ते दुपारी ३ असे सलग सहा तास पुरतात. आभाळ निम्म्याहून अधिक भरलेले असेल, तर सलग दोन दिवस ठेवावी. पावसाची झड लागली असताना मात्र पाणी उकळूनच प्यावे.

पाणी शक्यतो त्याच बाटलीतून प्यावे किंवा स्वच्छ पेल्यात ओतून लगेच संपवावे.

सावधगिरी : या रीतीने जंतू मरतात, परंतु फ्लोराइड, नायट्रेट किंवा कीटकनाशकांचे अंश जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त कूपनलिकांचे पाणी उन्हात ठेवूनही पिण्यायोग्य होत नाही.