मुलाच्या जुनाट दुखण्याचे उपचार संपल्यावर घरी काय करायचं

दुखणं तीन महिन्यांहून जास्त टिकलं की ते दीर्घकालीन धरतात. अशा दुखण्यात पुष्कळदा मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असते. शरीरात नवी इजा नसली तरी धोक्याचे संदेश येतच राहतात आणि मुलाला होणारा त्रास पूर्णपणे खरा असतो. फिजिओथेरपी, समुपदेशन आणि गरजेपुरती औषधं घेऊन मूल घरी येतं, तेव्हा दुखणं पुष्कळदा शिल्लक असतं. आधी मूल चालायला, शाळेत जायला, शांत झोपायला लागतं. दुखणं त्यानंतर, कधी काही महिन्यांनी उतरतं. हा क्रम आजी-आजोबांसकट घरातल्या सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात समजावून सांगा. नाहीतर कुणीतरी म्हणतं, "अजून दुखतंय म्हणजे उपचार फुकट गेले," आणि मूल पुन्हा अंथरुणाला खिळतं.

"दुखतंय का?" हा प्रश्न बंद करा

हे सगळ्यात अवघड जातं, कारण हा प्रश्न मायेपोटीच येतो. पण प्रत्येक वेळी विचारलं की मुलाचं लक्ष तिथेच जातं आणि तुमच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून ते आणखी घाबरतं. त्याऐवजी "आज मधल्या सुट्टीत काय खेळलात?" असं विचारा. मात्र प्रश्न बंद करण्याआधी मुलाला कारण सांगा: "मी विचारणार नाही, कारण त्याने तुझं लक्ष दुखण्याकडे जातं. नवीन किंवा वेगळं काही वाटलं तर तू मला लगेच सांगायचंस." हे न सांगता गप्प झालात, तर आईबाबांना आपली पर्वा राहिली नाही असंच त्याला वाटेल.

मूल आपणहून म्हणालं, "खूप दुखतंय," तर हातातलं काम बाजूला ठेवून एकदा नीट ऐका. "हो, त्रास होतोय, कळतंय मला. शिकलेला श्वासाचा व्यायाम कर, मग राहिलेलं गणित पुरं करू." एवढं पुरतं. पाय चोळत बसणं, शाळेतून सूट देणं, अभ्यास माफ करणं असं दरवेळी घडलं की दुखण्याभोवतीच घर फिरू लागतं.

रोजच्या नोंदीसाठी एक वही ठेवा, पण तिच्यात दुखण्याचे आकडे (दहापैकी किती दुखतंय) लिहू नका. किती वेळ चाललं, शाळेत किती तास बसलं, किती वाजता झोपलं एवढंच लिहा.

हालचाल घड्याळावर ठरवा

बरं वाटलं त्या दिवशी दोन तास खेळायचं आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचं, ही सर्रास होणारी चूक आहे. अशाने ताकद वाढत नाही, उलट खेळण्याचीच धास्ती बसते.

फिजिओथेरपिस्टने आकडे दिले असतील तर तेच पाळा. नसतील तर पाच दिवस मोजा. समजा, मूल अनुक्रमे 12, 20, 8, 15 आणि 10 मिनिटं चाललं. बेरीज 65, सरासरी 13. त्याच्या साधारण 80 टक्के म्हणजे 10 मिनिटांपासून सुरुवात करा. रोज तेवढंच चालायचं: वाईट दिवशीही 10 मिनिटं आणि चांगल्या दिवशीही 10 मिनिटंच. आठवडाभर जमलं की एखादं मिनिट वाढवा. चांगल्या दिवशी थांबवणं मुलाच्या जिवावर येतं, तरी थांबवा.

शाळा

शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा आणि एका पानावर लिहून द्या: रोज किती तास, बसून अवघडलं तर उभं राहण्याची मुभा, दहा मिनिटं विसाव्याची जागा आणि त्यानंतर पुन्हा वर्गात. केवळ नेहमीचं दुखणं वाढलं म्हणून घरी पाठवू नये, हेही लिहा. बुडालेल्या अभ्यासातलं काय गाळता येईल ते आताच विचारून घ्या; वह्या पुऱ्या करण्याच्या ओझ्याने मुलं पुन्हा शाळा टाळू लागतात.

खंड मोठा पडला असेल तर पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, मग दर आठवड्याला थोडं वाढवा. एक दिवस पूर्ण शाळा आणि एक दिवस सुट्टी, यापेक्षा रोज थोडी शाळा बरी. निघायची वेळ आधी ठरलेली असावी. दुखू लागल्यावर निघायचं ठरवलं, तर दुखणं हाच घरी जायचा रस्ता होतो. सोमवारी सकाळी दुखणं वाढलेलं दिसणं अगदी नेहमीचं आहे. मूल ढोंग करतंय असं समजू नका, पण शाळेचा बेतही बदलू नका. घरी राहावंच लागलं तर शाळेच्या वेळात टीव्ही आणि मोबाइल बंद.

झोपेचं थोडक्यात: 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, 13 ते 18 वर्षांच्यांना 8 ते 10 तास झोप लागते. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे सरकू देऊ नका, आणि अंथरुणावर अभ्यास किंवा मोबाइल नको.

दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली तर

ती खाणारच, हे धरून चाला. परीक्षा, साधा ताप, प्रवास, दोन रात्रींचं जागरण, काहीही निमित्त पुरतं. त्या वेळी काय करायचं ते बरं वाटत असतानाच मुलाच्या हाताने लिहून घ्या. उदाहरणार्थ:

1. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं.
2. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं शेक. त्या भागाला स्पर्श नीट कळत नसेल तर शेक नको.
3. चालणं, व्यायाम फक्त या दिवसांपुरते निम्म्यावर आणा, पण शून्यावर नाही.
4. शाळा चालू.
5. तीन-चार दिवसांत मूळ मापावर परत.

औषधं आणि डॉक्टर

अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी दीर्घकालीन दुखण्यावर दिली जाणारी औषधं बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. डोकेदुखीवरच्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं.

रेंगाळणारा ताप, घटणारं वजन, सांध्याला सूज, सकाळचा ताठरपणा, झोपेतून उठवणारं नवं दुखणं दिसलं तर पुन्हा तपासणी हवी. हातापायात कमजोरी आली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मूल जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरातली बाकीची माणसं

आई शाळेत पाठवते आणि बाबा थांबवतात, असं झालं की सगळा बेत कोसळतो. मतभेद मुलासमोर नको. आठवड्यातून एकदा दोघांनी वही घेऊन बसा आणि पुढच्या आठवड्याचे आकडे ठरवा. भावंडांनी बरेच दिवस मागे राहून सोसलेलं असतं, म्हणून त्यांच्यासाठी रोज ठरलेला अर्धा तास ठेवा, ज्यात दुखण्याचा विषय निघणार नाही. आणि मुलाचं जरासं कण्हणं ऐकून तुमच्याच छातीत धडधडत असेल, रात्ररात्र झोप लागत नसेल, तर समुपदेशकाची वेळ स्वतःसाठी घ्या. पालकांची भीती उतरली की वर सांगितलेलं पाळणं पुष्कळ सोपं जातं.