दोरी ‘वळली’ की ‘वळवली’? या चुका टाळा

‘मी दोरी वळवली’ असं कुणी लिहिलं, की मला ती दोरी चौकात डावीकडे वळताना दिसते. वळवतात ती गाडी, नजर, फार तर पाण्याचा प्रवाह. दोरी वळतात. वातीही वळतात.

घोळ होतो तो ‘वळणे’ला दोन संसार असल्यामुळे. दिशा बदलण्याच्या अर्थी ते अकर्मक: ‘मी कोपऱ्यावर वळलो.’ धाग्यांना पीळ घालून काही बनवण्याच्या अर्थी सकर्मक, आणि तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं: ‘मी दोरी वळली’, ‘त्याने वाती वळल्या’, ‘तिने चऱ्हाट वळलं’. ‘मी दोरी वळलो’ हे म्हणूनच चूक.

दुसरी चूक ‘पिळणे’ची. ओला टॉवेल पिळतात, कान पिळतात; वस्तू आधीच असते, तिला फक्त ताण बसतो. वळल्यावर मात्र नवी वस्तू हाती येते. ‘सुताची दोरी पिळली’ असं वाचलं की तयार दोरीतून कुणी पाणी काढतंय असं वाटतं.

एका हस्तकलेच्या सूचनापत्रकात मी स्वतःच ‘दोन्ही पदर एकमेकांत गुंतवा’ असं लिहून बसलो होतो. गुंतवलं की गुंता होतो! ‘गुंफा’ही चाललं नसतं, फुलं गुंफतात, तिथे पिळाचा संबंध नाही. शेवटी लिहिलं: ‘प्रत्येक पदराला उजवीकडे पीळ भरा, मग दोन्ही पदर एकत्र धरून डावीकडे पीळ देत दोरी वळा.’ दोन्ही वेळा एकाच दिशेला पीळ दिला तर हात सोडताच दोरी उलगडते. उलट दिशा असली की एका पिळाची ओढ दुसऱ्याला घट्ट धरते.

वेणीला यातलं काहीच लागू नाही, ती घालतात.

लिहिताना ‘पीळ’ दीर्घ, पण ‘पिळाला’, ‘पिळणे’ ऱ्हस्व. आणि ‘पीळ’च्या जागी ‘वळ’ नको, तो छडीचा उठतो. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ यात ‘वळ’ घालून पाहा, म्हणीचा अर्थच जातो.

‘बोबडी वळली’, ‘हसून मुरकुंडी वळली’ इथे मात्र कुणी काही वळत नाही. ‘त्याने बोबडी वळली’ लिहू नका. त्याची बोबडी आपोआप वळते.