जुन्या पिकअपचा हॉट रॉड: आधी वजन, मग ब्रेक, इंजिन शेवटी

जालन्यात माझी शेड आहे. त्याआधी बरीच वर्षं चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपात पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि ब्रेकवर काम केलं. जुनी पिकअप घेऊन येणारी पोरं पहिला प्रश्न एकच विचारतात, "काका, यात कुठलं मोठं इंजिन बसंल?" मी सांगतो, आहे तेच राहू द्या. हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी हलकी करून पळायला तयार केलेली. ती करायला आधी काढावं लागतं, घालायचं नंतर.

ज्यांनी ही गाडी जन्माला घातली त्यांनीही हेच केलं होतं. १९३० आणि ४० च्या दशकांत कॅलिफोर्नियातली तरुण पोरं स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड घ्यायची आणि मोहावे वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांवर पळवायची. मडगार्ड, काचा, टप, जे निघेल ते काढून टाकायची. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ इंजिन दिलं आणि या नादाला खरा जोर आला, पण वजन उतरवायची सवय त्याच्या आधीची.

आपल्याकडे टप कापणं, चासी कापून खाली घेणं, दुसरं इंजिन बसवणं हे रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुक जुळलंच पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. रंग बदलायचा तर तोही आरटीओत नोंदवून घ्यायचा. म्हणून मी सांगतोय ती पद्धत पाना-बोल्टाची आहे. चासीला ग्राइंडर लागत नाही, लागूही देऊ नका.

आणखी एक. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच असेल, तर तिचा हॉट रॉड करू नका. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी अस्सल गाडी आता क्वचित हाती लागते, ती आहे तशी जपावी. आपल्याला हवी जिचा हौदा दोनदा बदललाय, बॉनेट दुसऱ्याच गाडीचं आहे, पण कागद सरळ आहेत अशी.

माझा हात विलीज (जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) घराण्यातल्या महिंद्रावर बसलाय. १९४७ पासून या जीप आपल्याकडे जोडल्या जायला लागल्या. पुढचं सगळं २.२ लिटरच्या हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या, लांब चासीच्या पिकअपबद्दल आहे. जुन्या जिनिंगच्या आवारात, शेतातल्या गोठ्यामागे, साखर कारखान्याच्या भंगारात अजून सापडतात. बघायला जाताना टॉर्च, तारेचा ब्रश, पेन्सिल आणि पातळ कागद न्या. चासी नंबरावरची माती ब्रशने काढा, कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि उमटलेला छाप आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका उमटला तर तिथूनच परत फिरा. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल इंजिन असल्या गाड्याही खूप आहेत, कारण एका काळी सर्रास डिझेल बसवलं जायचं. ती भानगड विकत घेऊ नका. तेलंगण किंवा कर्नाटक पासिंग असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात पडल्याशिवाय पैसे मोजू नका.

गाडी आली की खोलायच्या आधी भुईकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी. दोन्ही पावत्या जपून ठेवा. आता काढायला लागा. आधीच्या मालकांनी हौद्यात वेल्ड केलेले अँगल, तळाला टाकलेला चेकर्ड पत्रा, पुढचा जाडजूड गार्ड, कॅरियर, जादा टूलबॉक्स. यातलं काहीच कंपनीचं नाही, त्यामुळे कागदाला धक्का लागत नाही. मडगार्ड मात्र राहू द्या. आपल्या मुरमाच्या रस्त्यावर मागच्याची काच त्यावरच वाचते.

वजन उतरलं की गाडी मागून उंच उठते, कारण पाटे मालासाठी बनवलेले असतात. इथे घाई झाली की गाडी बिघडते. मेन पाटा आणि त्याखालचा दुसरा पाटा कधी काढायचा नाही. खालचे आखूड पाटे एकेक करून कमी करा, दोन्ही बाजूंनी सारखेच, आणि प्रत्येक वेळी सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) व यू-बोल्ट (पाटे अॅक्सलला आवळणारे) नवे. कमान उतरवायची असेल तर पाटा थंडाच प्रेसवर घ्या. गॅसने तापवला की पोलादाचं पाणी उतरतं, आणि असा पाटा महिन्याभरात बसतो नाहीतर तुटतो. अॅक्सल आणि बंप स्टॉप (अॅक्सल चासीवर आपटू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) यांच्यात निदान तीन इंच जागा ठेवा, आपल्या गावागावांतले गतिरोधक बघता त्याहून कमी नकोच.

पुढून थोडी खाली, मागून थोडी वर, ही हॉट रॉडची खरी ऐट. पण चासी जितके अंश पुढे झुकते तितकाच पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं, मागे झुकणं. तिचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं म्हणून स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ येतं. ते झुकणं गेलं की साठच्या वेगाला गाडी रस्त्यावर हिंडायला लागते. उपाय सोपा आहे: पाटा आणि अॅक्सलच्या बैठकीत निमुळती शिम (पाचरीसारखी पट्टी) टाका, जितका अंश गेला तितका परत आणा, आणि अलाइनमेंटवाल्याकडून आकडा लिहून घ्या. त्याआधी किंगपिनचे बेअरिंग आणि टाय रॉडचे बॉल बघा. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवा, खडखड आली तर शिमवर पैसे घालवून उपयोग नाही.

टायर पुढे ६.००-१६ आणि मागे ७.००-१६ (आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास, दोन्ही इंचात) चांगले दिसतात. रिमच्या पाच बोल्टचं वर्तुळ साडेपाच इंचाचं असतं, ते मोजूनच रिम घ्या. जुन्या विलीजला डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. माहीत नसलेला पोऱ्या पाइप लावून बोल्टच तोडतो. आणि पुढे-मागे टायर वेगवेगळे झाले की फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारा गिअर) कधीही लावायचं नाही. पुढची-मागची चाकं वेगवेगळे फेरे मारतात आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) येतो. मी पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून, ग्रीस लावून, शेडच्या माळ्यावर ठेवतो.

आता ब्रेक. जुन्या गाडीत चारही चाकांना तेल एकाच लाइनने जातं. एक पाइप फुटला की पॅडल थेट तळाला. पुढचा आणि मागचा भाग वेगळा करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा) बसवा. मला विचाराल तर अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा खर्च हा. स्टीलच्या लाइनी सगळ्या नव्या घ्या, जुन्या आतून सडलेल्या असतात. व्हील सिलिंडरच्या रबरी वायसरांना पेट्रोल किंवा डिझेलचा हात लागू देऊ नका, फक्त ब्रेक ऑइलने धुवा. पेट्रोलने रबर फुगतं आणि ब्रेक धरून राहतो. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी.

मग इंजिन. हरिकेनचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो, आणि इनटेकचा मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला. त्यामुळे दोन-तीन कार्बोरेटरची रांग, जी अमेरिकन गाड्यांवर दिसते, ती इथे सहज बसत नाही. बोअर मोजा, गरज असेल तर बोअरिंग करून नवे पिस्टन-रिंगा टाका, व्हॉल्व्ह घासून बसवा, हेडचा फेस सरळ करून घ्या. ताकद खरी सापडते ती सायलेन्सरच्या बाजूला. चेपलेला, काटकोनात वळवलेला पाइप काढून मोठ्या गोलाईचा दोन इंची पाइप टाका. सायलेन्सर ठेवायचाच. कायद्याने लागतो आणि रात्री गल्लीत म्हातारी माणसं झोपलेली असतात.

ऑइल बाथ एअर फिल्टर (तळाच्या तेलात धूळ पकडणारा डबा) काढून चकचकीत छोटा फिल्टर लावायची फॅशन आहे. आपल्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक, छोट्या फिल्टरला ती आवरत नाही आणि रिंगा खाऊन टाकते. जुनाच डबा पॉलिश करून लावा, तेल वरचेवर बदला.

पेट्रोलचीही गोष्ट बदललीय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, होज, कार्बोरेटरचं रबर जुनं असेल तर ते फुगतं, गळतं, आणि गळलं तर आगीचा धोका. इथेनॉल चालणारे होज आणि डायफ्रॅम मागून घ्या. टाकीतला गंज पूर्ण काढा, कारण इथेनॉल पाणी ओढतं. मिश्रण थोडं पातळ होतं म्हणून मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) किंचित मोठा लागतो. थोडं पळवून प्लग काढून बघा: टोक पांढरं फटक असेल तर जेट वाढवा, विटकरी-तपकिरी आलं की बरोबर.

एप्रिल-मेच्या उन्हात गाडी टिकवायची तर रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, क्षार बसून नळ्या बुजतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाला. झाकणाची स्प्रिंग तपासा. दाब जितका टिकतो तितकं पाणी उशिरा उकळतं, दर पौंडामागे साधारण दीड अंश. पंख्याभोवतीचा पत्र्याचा आडोसा हरवलेला असेल तर १८ गेजच्या पत्र्यात करून घ्या.

रंगाबद्दल एवढंच की पुट्टीखाली गंज झाकू नका. सडलेला पत्रा कापा, नवा तुकडा लावा, इपॉक्सी प्रायमर मारा. वायरिंग नवंच टाका, फ्यूज बॉक्स आणि हेडलाइटला रिले द्या.

पहिली चाचणी रिकाम्या सरळ रस्त्यावर, पहाटे. आधी वीसच्या वेगात ब्रेक, मग चाळीस, मग साठ, आणि स्टिअरिंग हलकं धरून बघा गाडी कुठल्या बाजूला ओढते का. ओढत असेल तर तिथेच थांबून ड्रम हाताने चाचपा, जो जास्त गरम तो धरून राहतोय. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट इंजिन थंड असताना टॉर्क रेंचने परत आवळा, आणि यू-बोल्टही. नवे यू-बोल्ट तेवढ्यात हमखास ढिले झालेले सापडतात.